‘टर्न’, ‘राउंड’ आणि ‘रिव्हाइव्ह’ : नियमपत्रकासाठी मराठी शब्द

विचारणा (वाशी)

आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये शनिवारी संध्याकाळी बोर्ड गेम मांडले जातात. खेळायला शाळकरी मुले असतात, तसेच निवृत्त झालेले आजी-आजोबाही असतात, आणि इंग्रजी पुस्तिका वाचून नियम समजून घेणे त्यांतल्या अनेकांना जड जाते. म्हणून मी ‘कटान’ आणि ‘पँडेमिक’ या दोन खेळांची नियमपत्रके मराठीत तयार करत आहे. अडचण अशी, की गेम, राउंड, टर्न आणि मूव्ह या चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी माझ्या मसुद्यात ‘डाव’ आणि ‘खेळी’ हेच दोन शब्द आलटून पालटून येत आहेत. शिवाय मुलांच्या मोबाइलवरच्या खेळांतले ‘रिव्हाइव्ह’ (पडलेल्याला उठवणे) आणि ‘रिस्पॉन’ (मेलेल्याने पुन्हा अवतरणे) हे शब्द मोठ्यांना समजावून सांगण्यासाठी आपल्याकडे काही आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर (नौपाडा, ठाणे)

आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मी लहानपणापासून पत्ते, कॅरम आणि बुद्धिबळ खेळत आलो आहे, पुढे कॉम्प्युटरवरचे आणि कन्सोलवरचे खेळही तितक्याच आवडीने खेळलो, आणि या सगळ्या काळात माझे मत असे होत गेले आहे, की खेळाच्या बाबतीत मराठी मुळीच तोकडी नाही. आपण मैदानावर आणि पटावर वापरतो ते शब्द पडद्यासमोर बसल्यावर विसरतो, एवढेच. नवे शब्द घडवण्याआधी जुन्यांची नीट झडती घ्यावी.

आधी ‘डाव’. बुद्धिबळाच्या बातम्यांत या शब्दाचा अर्थ अगदी पक्का आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये बटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवले, तेव्हा पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते आणि निकाल जलद डावांत लागला. येथे डाव म्हणजे सोंगट्या मांडल्यापासून निकाल लागेपर्यंतचा एक पूर्ण सामना. त्यातली एका खेळाडूची एक हालचाल म्हणजे ‘चाल’. क्रिकेटमध्ये संघाचा असतो तो डाव आणि एका फलंदाजाची असते ती खेळी, हा भेदही आपण रोज पाळतो. कुस्तीतला डाव मात्र वेगळा. तो एक पेच आहे, आणि ‘त्याचा डाव फसला’ हा वाक्प्रयोग त्याच अर्थाच्या जवळचा आहे. आपल्या मसुद्यात गोंधळ होतो तो बहुधा यामुळेच, कारण ‘डाव’ हा शब्द मोठ्या मापाचाही आहे आणि लहान मापाचाही. नियमपत्रकात त्याला एकच काम द्यावे, बुद्धिबळातले.

मग टर्नसाठी राहतो ‘पाळी’ हा शब्द. ‘आळीपाळीने’ या क्रियाविशेषणात तो अजून धडधाकट आहे. सर्व खेळाडूंची एकेक पाळी झाली की एक ‘फेरी’ पूर्ण होते. ‘पँडेमिक’मध्ये प्रत्येक पाळीत खेळाडूला चार गोष्टी करता येतात, त्यांना सरळ ‘कृती’ म्हणावे. ‘चाल’ म्हणू नये, कारण त्यातल्या काही कृतींत मोहरा जागचा हलतही नाही. म्हणजे कृतींची पाळी, पाळ्यांची फेरी, फेऱ्यांचा डाव. असे शब्द एकदा ठरले की पुढचे प्रत्येक वाक्य आपोआप सुटसुटीत होत जाते. (बुद्धिबळाच्या नोंदवहीत पांढऱ्याची आणि काळ्याची मिळून एक चाल मोजली जाते, ही त्या खेळाची स्वतःची रीत आहे, ती इतर खेळांना लावू नये.)

‘कटान’साठी आणखी एक शब्द आपल्याला लागेल, तो म्हणजे ‘दान’. इंग्रजी पुस्तिकेत फासे टाकण्याची क्रिया आणि पडलेला आकडा यांसाठी एकच शब्द चालवून घेतला जातो. मराठीत आपण फासे टाकतो आणि दान पडते. क्लाउस टॉयबर यांनी 1995 मध्ये जर्मनीत आणलेला हा खेळ मुख्यतः दानावर चालतो, म्हणून हा भेद तेथे फार उपयोगी पडतो. दोन फाशांची 36 प्रकारची दाने पडू शकतात, त्यांपैकी सहा प्रकारांत बेरीज सात येते, तर दोन आणि बारा हे आकडे प्रत्येकी एकाच प्रकारे येतात. त्यामुळे सातच्या खालोखाल वारंवार पडणाऱ्या सहा आणि आठ या आकड्यांच्या, माल देणाऱ्या षटकोनी तुकड्यांशेजारी वस्ती करायला सगळे धडपडतात, आणि बाराच्या षटकोनाजवळ वस्ती करून नशिबावर हवाला ठेवणारा सहसा मागे पडतो. सोंगट्यांच्या खेळात तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडले की ‘पौबारा’ होत असे, आणि तो शब्द भाग्य उघडले या अर्थाने आजही बोलण्यात आहे. ज्या भाषेत एका विशिष्ट दानाला स्वतंत्र नाव होते, तिला नियमपत्रक लिहिताना परक्या शब्दांची उसनवारी करावी लागू नये, असे मला मनापासून वाटते.

आता आपला दुसरा प्रश्न. ‘रिव्हाइव्ह’ आणि ‘रिस्पॉन’ हे दोन शब्द मुले एकाच श्वासात वापरतात, पण त्यांच्यामागे निदान चार वेगवेगळ्या रीती आहेत, आणि विशेष असे, की त्या चारींना किंवा त्यांच्या अगदी जवळच्या रीतींना महाराष्ट्राच्या मैदानावर नावे मिळालेली आहेत. कबड्डीचे तीन जुने प्रकार आठवा : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत आपला गडी बाद झाला तरी समोरचा एक गडी बाद केला की आपला एक गडी उठतो, आणि ज्या क्रमाने गडी बाद झाले त्याच क्रमाने ते परत येतात. 1990 च्या बीजिंग आशियाई खेळांपासून जगाने पाहिलेली कबड्डी याच वळणाची आहे. गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच बसतो, आणि त्याच्या बाजूचे सगळे गडी बाद झाल्याशिवाय कोणालाही परत येता येत नाही. अमरमध्ये गडी बाद होऊनही मैदान सोडत नाही, फक्त समोरच्या बाजूला गुण मिळतो.

हे तीन प्रकार डोळ्यांसमोर ठेवून मुलांचे खेळ पाहावेत. ‘काउंटर-स्ट्राइक’ किंवा ‘व्हॅलोरंट’ या दोन संघांत खेळायच्या गोळीबाराच्या खेळांमध्ये एकदा मेलेला खेळाडू ती फेरी संपेपर्यंत केवळ बघत बसतो आणि पुढच्या फेरीला सगळे पुन्हा उभे राहतात, ही गामिनीच आहे. (व्हॅलोरंटमध्ये ‘सेज’ हे पात्र मेलेल्या साथीदाराला उठवू शकते, असे काही अपवाद आहेत.) ‘डेथमॅच’ नावाच्या प्रकारात मेलेला क्षणात दुसरीकडे उभा राहतो आणि मारणाऱ्याच्या खात्यात गुण जमा होतो, ही रीत अमरच्या जवळची आहे. संजीवनीचे तत्त्व, म्हणजे काही कमावल्याशिवाय परत येणे नाही, हे ‘वॉरझोन’ या गोळीबाराच्या खेळात दिसते, कारण तेथे बाद झालेल्याला एकास एक लढत जिंकून परतीचा हक्क मिळवावा लागतो. फरक इतकाच, की कबड्डीत तो हक्क साथीदार मिळवून देतो.

आणि चौथी रीत, जिला मुले खरे ‘रिव्हाइव्ह’ म्हणतात. ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइलवरच्या खेळात गोळी लागून खेळाडू कोसळतो, पण लगेच बाद होत नाही, तो गुडघ्यांवर सरपटत राहतो, आणि भिडू जवळ येऊन काही सेकंद थांबला तर तो उठतो. हे पाहून ज्यांना ‘विषामृत’ आठवले नाही ते सोसायटीच्या पटांगणात खेळलेच नसावेत. ज्याच्यावर राज्य आहे त्याने हात लावला की विष, जागच्या जागी थिजायचे. आणि भिडूने येऊन हात लावला की अमृत, पुन्हा पळायला मोकळे. धोकाही तोच, कारण अमृत द्यायला जाणारा स्वतः उघड्यावर येतो. आजोबांना ‘नॉक झालो, रिव्हाइव्ह दे’ याचा अर्थ सांगायचा असेल तर ‘विष मिळाले आहे, अमृत द्या’ एवढे पुरे. पुढचे डावपेच त्यांना नातवापेक्षा लवकर उमगतील.

‘राज्य’ या शब्दाचाही विसर पडू देऊ नये. चौघांविरुद्ध एक अशा मांडणीचे खेळ आता पटावर आणि पडद्यावर, दोन्हीकडे पुष्कळ आहेत. 2016 च्या ‘डेड बाय डेलाइट’मध्ये एकाने चौघांचा पाठलाग करायचा असतो. त्या एकासाठी ‘ज्याच्यावर राज्य आहे तो’ याहून चपखल शब्दयोजना मला सुचत नाही.

सगळ्याच गोष्टींना मराठी शब्द शोधावेत असा माझा आग्रह नाही. सेव्ह, लेव्हल, पिंग, लॅग, कंट्रोलर, ग्राफिक्स कार्ड हे शब्द त्या त्या वस्तूबरोबर आले आहेत आणि ते तसेच राहू द्यावेत. ‘लॅग’ला ‘विलंब’ म्हटल्याने काहीही साधत नाही, कारण लोकल उशिरा आली तरी विलंबच होतो, आणि बटण दाबल्यावर पडद्यावरची तलवार उशिरा फिरते ती जात निराळी आहे.

आणखी एक मत (ऐरोली)

वरचे विवेचन आवडले, विशेषतः कबड्डीचे. मी शाळेत शिकवते, म्हणून एक व्यावहारिक अडचण मांडते. आठवी-नववीच्या वर्गात ‘आता तुझी पाळी’ म्हटले की मुले एकमेकांकडे पाहून हसतात आणि मुली संकोचतात. त्यापेक्षा ‘बारी’ किंवा सरळ ‘नंबर’ का वापरू नये? ‘माझा नंबर आला’ हे मुले स्वतःहूनच म्हणतात. दुसरे असे, की ‘गेमिंग’ या शब्दाने पालक घाबरतात. मुलगा गेमिंग करतो असे कळले की पैसे लावतो की काय, अशी शंका त्यांना येते. यावर काही सुचते का?

उत्तर (नौपाडा, ठाणे)

बाई, आपली अडचण खरी आहे, आणि वर्गात काय म्हणावे हे आपणच ठरवावे. ‘नंबर’ला माझा विरोध नाही; फक्त ज्या खेळांत पत्त्यांवर आणि चौकोनांवर आकडे असतात तेथे ‘नंबर’ दोन अर्थांनी येऊन गोंधळ होईल, एवढे लक्षात घ्यावे. ‘बारी’ गोड आहे, पण आपल्या भागात सगळ्यांच्या तोंडी नाही. लिहिताना मी मात्र ‘पाळी’च ठेवीन. आपल्या ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंतच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी हे शब्द कितीतरी घरांनी वर्षानुवर्षे उच्चारले आहेत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटलेले नाही. शिवाय मासिक पाळीविषयी मुलामुलींशी मोकळेपणाने बोलले जावे असे आपण सगळेच म्हणतो. मग त्या अर्थाच्या धास्तीने एक चांगला शब्द खेळातून हद्दपार करणे मला पटत नाही.

‘गेमिंग’बद्दल आपण नेमके बोट ठेवले आहे. तो एकच शब्द बुद्धिबळाच्या ॲपलाही लावतात, पुण्यात तयार झालेल्या आणि 2020 मध्ये आलेल्या ‘राजी’सारख्या कथाप्रधान खेळालाही लावतात, आणि पैसे लावून खेळायच्या रमीलाही. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयी जो कायदा केला, त्याने हे वेगळे केले आहे : ई-स्पोर्ट्सला (म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ गेमना) मान्यता, करमणुकीच्या सामाजिक खेळांना मुभा, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी. मराठीत ही सीमारेषा फार आधीपासून आहे. आपण खेळ ‘खेळतो’ आणि जुगारात पैसे ‘लावतो’. जो पहिले करतो तो खेळाडू किंवा गडी, जो दुसरे करतो तो जुगारी. पालकांशी बोलताना ‘तो व्हिडिओ गेम खेळतो, पैसे लावत नाही’ असे सांगावे. ‘गेमर’ हा शब्द मुलांना प्रिय आहे, तो त्यांच्याकडे राहू द्यावा. पण पालकसभेत ‘खेळाडू’ म्हणावे.

विचारणा करणारे (वाशी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवलेल्या शब्दांनुसार ‘कटान’चा पहिला परिच्छेद असा झाला आहे :

‘पाळी आलेल्या खेळाडूने आधी दोन्ही फासे टाकावेत. जे दान पडेल त्या आकड्याच्या षटकोनाला लागून ज्यांची वस्ती किंवा नगर आहे, त्या सर्वांना तेथील माल मिळतो : लाकूड, वीट, लोकर, धान्य किंवा खनिज. सात पडल्यास कोणालाही माल मिळत नाही; ज्यांच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते आहेत त्यांनी निम्मे पत्ते परत करावेत, आणि पाळी असलेल्या खेळाडूने दरोडेखोर दुसऱ्या षटकोनावर न्यावा. आपल्या पाळीत ज्याचे दहा गुण प्रथम पूर्ण होतील त्याने डाव जिंकला.’

उत्तर (नौपाडा, ठाणे)

उत्तम झाले आहे. दोनच सूचना. ‘निम्मे पत्ते’ येथे संख्या विषम असली तर काय, हे मुले लगेच विचारतील. म्हणून ‘नऊ पत्ते असल्यास चार’ असे उदाहरण कंसात द्यावे, म्हणजे उरलेला अर्धा सोडून द्यायचा हे कळेल. आणि दरोडेखोर टोळीने येतात, दरवडा घालतात. पटावर मात्र तो एकटाच उभा राहतो आणि एका खेळाडूच्या हातातला एकच पत्ता, तोही न बघता उचलतो. त्याला ‘चोर’ म्हणावे. नेल्यानंतर ही पत्ता उचलण्याची गोष्ट आपल्या परिच्छेदातून गळली आहे, तीही त्याच वाक्यात घालावी : ‘चोर दुसऱ्या षटकोनावर न्यावा आणि त्या षटकोनाला लागून ज्यांची वस्ती किंवा नगर आहे, त्यांपैकी एकाचा एक पत्ता न बघता घ्यावा.’