कॉलमला फायबर रॅप की काँक्रीटचं जॅकेट?

मुलुंडकर: आमची सोसायटी १९८७ सालची, खाली स्टिल्टचं मोकळं पार्किंग, वर चार मजले. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सी-२-बी श्रेणी आली, म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती. माझं मत ठाम आहे, कॉलमना कार्बन फायबरचं कापडच गुंडाळा, म्हणजे रॅप. भाराखाली काँक्रीट आडवं फुगू बघतं. रॅप ते आवळून धरतो, मग तेच काँक्रीट जास्त भार पेलतं. कॉलमभोवती नव्या सळया टाकून काँक्रीटचं जॅकेट केलं तर चारी बाजूंनी साधारण १०० मिमी वाढणार. गाड्या लावायच्या कुठे?

साइटवरचा: दादा, कॉलमचं माप सांगा आधी. भिंतीत लपावेत म्हणून त्या काळी नऊ इंची कॉलम सर्रास काढायचे. २३० बाय ६०० मिमी असेल तर बाजूंचं गुणोत्तर २.६ होतं, आणि अमेरिकेची एसीआय ४४० ही फायबर रॅपची मार्गदर्शिका दोनच्या वर गेलं की चाचणीचा पुरावा नसताना आवळण्याचा फायदा धरतच नाही. गोल कॉलम सगळीकडून सारखा आवळला जातो. चपट्या कॉलमवर दाब येतो तो कोपऱ्यांवर, लांब बाजू मधे फुगायला मोकळीच.

मुलुंडकर: दोन कॉलम ६०० चे, बाकी आठ २३० बाय ४५०. दोनच्या आत.

साइटवरचा: अगदी काठावर! कोपरे गोल करावे लागतील ते वेगळंच.

सायनची सून: आमच्याकडे रॅप केलाय, म्हणून कळकळीने सांगते. ठेकेदाराने पोपडे काढले आणि सळई न घासता वरून मॉर्टर मारला. आता ठोकलं की पोकळ वाजतं. आत गंज फुगतोय आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

मुलुंडकर: ताई, वाईट वाटलं वाचून. पण सळई न घासता जॅकेट केलं असतं तरी ती आत गंजलीच असती ना? शिवाय जॅकेटला भार घ्यायचा तर ते फुटिंगपासून, म्हणजे पायापासून उचलावं लागतं, स्लॅबला भोकं पाडून सळया वर न्याव्या लागतात. म्हणजे लोकांच्या बेडरूममध्ये ब्रेकर. आणि भूकंपाचं काय? भूकंपरोधक बांधकामाचं मानक, आयएस १३९२०, आलं १९९३ मध्ये. आमच्या कॉलममधल्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा लांब लांब आहेत. रॅप म्हणजे बाहेरून घातलेल्या रिंगाच.

साइटवरचा: रिंगांचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. पण आग लागली तर? रॅप चिकटवणारं इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांना मऊ पडू लागतं. स्टिल्टमध्ये तुमचा मीटर बॉक्स कुठे आहे?

मुलुंडकर: त्या दोन ६०० च्या कॉलमलाच लागून.

साइटवरचा: मग आठांना रॅप करा, आधी सळईचा गंज तपासणारी हाफ-सेल टेस्ट करून, सळई उघडी करून घासून. ते दोन मात्र जॅकेटच. एक पार्किंग गेलं तरी चालेल, तिथे मी हटणार नाही.