मदत हवी आहे: जुन्या रॅलेला फिक्स्ड गिअर, फ्रीव्हील वेल्ड करू की हब बदलू?

दुसरं_गेट:
निपाणीच्या मामांची रॅले सायकल माझ्याकडे आली आहे. काळी, दांडीची, रॉड ब्रेकवाली, २८ बाय दीडची चाकं. तंबाखूच्या वखारीत बरीच वर्षं उभी होती, सीटला अजून तो वास आहे. गंज वरवरचाच. डिझेलच्या फडक्यानं पुसलं तर खालचं इनॅमल चकाकतंय, आणि चेनव्हीलमधली (पायडलजवळच्या दातांच्या चाकातली) बगळ्यांची तोंडं शाबूत आहेत. मामांची अट एकच: कापायचं नाही, रंगवायचं नाही.

मला ती फिक्स्ड करायची आहे, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. रोज टिळकवाडीहून उद्यमबागला कामाला जातो. पावसात स्टीलच्या रिमवर रॉड ब्रेक किती लागतो ते बेळगावात कुणाला सांगायला नको, तेव्हा पायानं वेग मारता आला तर हवंच आहे. फ्रेमही सोयीची वाटते. चाकाचा एक्सल बसतो ते मागचे खाचे मागच्या बाजूला उघडतात, त्यामुळे चाक ओढून चेन ताणता येईल.

घोडं अडलंय हबापाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी. आमचा मिस्त्री म्हणतो, "फ्रीव्हीललाच वेल्डिंग मारून देतो की, पाच मिनिटांचं काम हाय." फ्रीव्हील म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं मागचं दातांचं चाक; ते वेल्ड करायला मन धजावत नाही. तयार फिक्स्ड हब घेतला तर या फ्रेममध्ये बसेल का? रिम जुनीच वापरता येईल का? आणि चेनव्हील ४८ दातांचं आहे, मागे किती दात ठेवू?

लेथवाला:
वेल्डिंग अजिबात नको. फ्रीव्हील हबावर सरळ आट्यांनी चढतं. पुढे पायडल मारलं की घट्ट होतं, आणि मागे जोर लावला की तेच आटे सुटायला बघतात. तुम्ही पायानं वेग मारणार म्हणजे नेमका मागेच जोर. तिसऱ्या गेटच्या पुलावरून उतरताना ते सुटलं तर पायडल मोकळं फिरेल आणि सायकल जाईल तशी जाईल. फिक्स्ड हबाला दोन टप्प्यांत आटे असतात: आत स्प्रॉकेटसाठी (मागच्या दातांच्या चाकासाठी) सरळ, बाहेर ते आवळून धरणाऱ्या लॉकरिंगसाठी उलटे. मागे जोर दिला की स्प्रॉकेट लॉकरिंगवर दाबलं जातं आणि लॉकरिंग आणखी आवळतं. सगळी गंमत त्या रिंगेत आहे. साध्या हबावर बीबीची (बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा आस फिरतो त्या भागाची) रिंग चढवून काम भागवणारेही आहेत, पण तिचे आटे सरळच, म्हणजे भरवसा नाही.

आता रिम. आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. बाजारातले फिक्स्ड हब ३२ किंवा ३६ भोकांचे, तेव्हा तुमची मागची रिम त्यावर बसणार नाही. ती जपून ठेवा आणि २८ बाय दीडची पुढच्या चाकाची ३२ भोकांची रिम आणून मागे विणा. सायकलच्या कुठल्याही दुकानात मिळते, महागही नाही. मागच्या खाचांमधलं अंतर साधारण ११० ते ११४ मि.मी. भरेल, हब १२० चा असतो. स्टीलची फ्रेम आहे, हातानं जरा फाकवली की बसतो. हबाचा एक्सल १० मि.मी. आणि जुना तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ. अडला तर मामांची अट पाळा: खाच घासू नका, एक्सलच दोन बाजूंनी किंचित चपटा करून घ्या. ते काम लेथवर होतं, आणि लेथ शोधायला तुम्हाला उद्यमबागेबाहेर जावं लागणार नाही!

पुढे ४८ आणि मागे १८ दात असले तर पायडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ सहा मीटर जाते. फिक्स्डला ते जड. २० दात घ्या, सव्वापाच-साडेपाच मीटरवर येईल.

खानापूरकर:
पुढचं चाक आणि पुढचा रॉड ब्रेक आहे तसाच ठेवा हो. हौशी पोरं ७०० सीची (आजच्या रेसिंग सायकलींच्या मापाची) चाकं घालायला जातात. त्या रिमची त्रिज्या साडेसहा मि.मी. नं कमी, शिवाय रॉड ब्रेकचे शू रिमला आतून लागतात, त्या रिमला तशी जागाच नसते. मग ब्रेकच काढून टाकतात. ट्रॅकवर ते चालतं, काँग्रेस रोडवर नाही. आणि कॉटर पिना (क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, आसाला धरून ठेवतात त्या) नव्या घाला. फिक्स्डला क्रँकवर दोन्ही दिशांनी झटके बसतात, जुनी पिन लगेच खडखडते. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं ठोका, नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत.

दुसरं_गेट:
दोघांचेही आभार. म्हणजे फ्रेमला हात न लावता जमतंय. बीबीचं काय? मिस्त्री सीलबंद बेअरिंगवाली नवी घाल म्हणतोय. आणि मागे ३२ आरे कमी नाही पडणार?

लेथवाला:
रॅलेची बीबी बदलू नका. तिचे आटे इंचाला २६, बाजारातल्या बीबीचे २४. जबरदस्तीनं चढवली तर आटे फाटतील. जुने कप रॉकेलनं धुवा, छर्रे नवे टाका, ग्रीस भरा. कपाला आत खड्डे पडले असतील तरच पुढचं बघू. ३२ आरे एका माणसाला पुरतात, पोती लादू नका. एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील असा हब मिळाला तर तोच घ्या. मामा आले की चाक उलटं करून फ्रीव्हीलच्या बाजूनं द्यायचं.

खानापूरकर:
नवा हब महाग वाटला तर चंदरगी किंवा विजापूरकडे ट्रॅक सायकल चालवणाऱ्या मुलांकडे वापरलेला मिळतो का विचारा. घेताना लॉकरिंगचे आटे नखानं चाचपा, गुळगुळीत लागले तर सोडून द्या. आऱ्यांची लांबी हब हातात आल्यावरच काढायची, आधी आरे आणून ठेवू नका.