मॉनिटरचे रंग 'कस्टम' मोडमध्ये कसे जुळवावेत? सल्ला हवा

फोटोवेडा: मंडळी, डेस्कटॉपला नवा मॉनिटर जोडलाय. त्यावर एडिट केलेल्या फोटोंचे प्रिंट काळपट येतात आणि मोबाइलवर चेहरे कावीळ झाल्यासारखे पिवळे दिसतात. मॉनिटरच्या मेनूत स्टँडर्ड, मूव्ही, गेम, एसआरजीबी आणि कस्टम असे मोड आहेत. कस्टममध्ये लाल, हिरवा, निळा तिन्ही १०० वर आहेत. त्यांचं करायचं काय? कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, घ्यावंच लागेल का?

बारीकनजर: दोन्ही लक्षणांवरून मॉनिटर फार उजळ आणि निळसर वाटतोय. स्क्रीन झगझगते म्हणून तुम्ही फोटो नकळत गडद करता, निळी झाक मारायला पिवळा वाढवता. फोटो बिचारा मुळात ठीकच असेल.

आधी नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ऑटो ब्राइटनेस बंद करा आणि मॉनिटर अर्धा तास तापू द्या. मग कस्टम मोड निवडून नेहमीच्या उजेडात पांढरी विंडो उघडा, शेजारी कोरा कागद धरा. कागदापुढे स्क्रीन दिव्यासारखी वाटली तर ब्राइटनेस अजून खाली. प्रिंटच्या कामाला साधारण १०० ते १२० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) पुरतात. कॉन्ट्रास्टला हात लावू नका.

आता ते तीन आकडे. १०० म्हणजे तो रंग पूर्ण सोडलेला, त्यामुळे वाढवायला जागाच नाही. जो जास्त झालाय तो कमी करायचा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी उघडा. निळी झाक असेल तर निळा ९६, ९४ असा थोडाथोडा उतरवा. हिरवट वाटलं तर हिरवा एखाद-दोन घर खाली. लाल १०० वरच राहू द्या. मध्ये पाच मिनिटं उठून या, कारण डोळ्याला कुठलीही झाक लगेच सवयीची होते. गाठायचा असतो ६५०० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा.

रंगारी: वरचं बरोबर, पण मी आधी एसआरजीबी मोड बघेन, म्हणजे वेब-मोबाइलच्या नेहमीच्या रंगमर्यादेचा मोड. मॉनिटर वाइड गॅमट, म्हणजे त्या मर्यादेपलीकडचे रंग दाखवणारा, असेल तर कस्टममध्ये लाल-हिरवे भडकच राहतात. ते तीन आकडे पांढऱ्याची झाक बदलतात, भडकपणा नाही. एसआरजीबी मोड तो आवरतो. फक्त काही मॉनिटर या मोडमध्ये ब्राइटनेस कुलूपबंद करतात, ते तपासा.

फोटोवेडा: कुलूपबंदच निघाला! कस्टममध्ये ब्राइटनेस उतरवला, निळा ९२ केला, पट्टी बरीच सुधारली. पण काळा अजून धुरकट राखाडी दिसतो.

बारीकनजर: एचडीएमआय केबल आहे का? ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज 'लिमिटेड' असेल, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्या फक्त १६ ते २३५, म्हणून काळा राखाडी दिसतो. ती 'फुल' करा, ० ते २५५. मॉनिटरमध्येही ब्लॅक लेव्हल असेल तर तीही फुलच हवी. त्यानंतरच विंडोजच्या सर्चमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' शोधून गॅमा (मधल्या छटा किती उजळ-गडद दिसतात ते) बघा, २.२ धरून.

रंगारी: कॅलिब्रेटरचं राहिलंच. स्वतःपुरते फोटो असतील तर डोळ्यांनी भागेल. गिऱ्हाइकाला प्रिंट द्यायचे असतील तर घ्या, किंवा कुणाचा तरी एक दिवस मागून आणा. यंत्र मोजून प्रोफाइल, म्हणजे तुमच्या स्क्रीनच्या रंगांची नोंद असलेली फाइल, बनवून देतं, डोळ्यांनी ती तेवढी अचूक होत नाही. आणि नेटवरून त्याच मॉडेलची दुसऱ्याची प्रोफाइल उतरवून बसवू नका, एकाच मॉडेलचे दोन पॅनलही सारखे नसतात.

फोटोवेडा: रेंज लिमिटेडच होती. फुल केल्यावर काळा काळा झाला. आता तोच जुना फोटो पुन्हा प्रिंटला टाकतो.