शब्दचर्चा : ‘हार्म रिडक्शन’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा (कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा)
आशाताई आणि अंगणवाडीताईंसाठी छोटी पुस्तिका करतोय. विषय लैंगिक शोषणात ओढल्या गेलेल्या मुलामुलींचा. कुणाला मोबाइल घेऊन दिला, कुणाच्या बापावर ठेकेदाराची उचल आहे. लेकरू त्यातून लगेच बाहेर पडेलच असं नसतं. तोवर गरोदरपण, आजार, मारहाण टळावी आणि त्याचा आपल्याशी संबंध तुटू नये, एवढं धरून काम करायचं. सरकारी मराठीत याला ‘हानी-न्यूनीकरण’ म्हणतात. हा शब्द पाहून ताई पुस्तिका मिटूनच ठेवतील.

उत्तर (अनुवादक, नागपूर)
ही कल्पना नशेच्या सुयांवरून आली. १९८० च्या दशकात नेदरलँड्स आणि इंग्लंडमध्ये ‘आधी नशा सोड, मग मदत’ हा हट्ट सोडून स्वच्छ सुया द्यायला लागले. आपल्याकडे नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) कार्यक्रमातही ते आहे. सरळ ‘नुकसान कमी करणे’ म्हणा.

उत्तर (आशा कार्यकर्ती)
नुकसान म्हटलं का आमच्याकडं तलाठी, पंचनामा अन् भरपाईच आठवते. अन् बाया लगेच विचारतीन, “म्हनजे थोडं नुकसान चालते का?” ‘धोका’ही नोका लिहू. पोट्टीले वाटन का त्या पोट्ट्यानं धोका देला त्याचंच बोलून राह्यल्या.

उत्तर (वकील)
‘थोडं चालते का’ हा प्रश्न पुस्तिकेत घ्याच. १८ वर्षांखालच्या मुलाची संमती पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) मानत नाही. कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवायचंच, न कळवणं कलम २१ खाली गुन्हा. म्हणजे ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन ताईने देऊ नये. पहिल्याच भेटीत सांगावं, “मला कळवावं लागेल, पण मी तुझ्यासोबत येईन.”

आणि इजा कमी करण्याची जागा कायद्यातही आहे, लोक ती वापरत नाहीत. कलम २४ नुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, पोलीस गणवेशात नसावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. बालकल्याण समिती सोबतीला सहायक व्यक्ती देऊ शकते. दवाखान्यात मात्र आधी पोचा : एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. कागद नंतरही होतात.

विचारणा करणारी
हे घेते. ‘सुटका’ शब्दाने आमचं जास्त बिघडवलंय. छापा पडला, फोटो निघाला, मुलगी सुधारगृहात, की बातमी संपली. ती परत त्याच माणसाकडे गेली की लोक म्हणतात ‘वाया गेली’. घरात मार आणि उचल तशीच असेल तर ती दुसरीकडे जाणार कुठे? तेव्हा ओरडून बोललं की पुढच्या वेळी ती ताईला फोन करत नाही.

‘कुमारीमाता’ही पुस्तिकेत नको. झरी जामणी, मारेगावकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या (वस्त्यांवरच्या) बातम्यांत तो छापून छापून रूढ झाला. त्यात मुलगी दिसते, लेकरू दिसतं, ठेकेदार कुठेच दिसत नाही.

उत्तर (अनुवादक)
इंग्लंडने २०१५ च्या कायद्याने ‘बालवेश्या’ या अर्थाचे शब्द आपल्या कायद्यातून काढले, तिथे ‘मुलांचं लैंगिक शोषण’ आलं. तुमचं बरोबर आहे. मग ‘झळ कमी करणे’ कसं वाटतं? कुणी लावलेली आग आहे हे त्यात राहतं.

उत्तर (आशा कार्यकर्ती)
झळ चालते. समजते. पन पोरायचं काय? पोरीले ‘फूस लावली’ म्हनते. ढाब्यावर कामाले ठेवलेल्या पोट्ट्यासोबत झालं त कोनी शब्दच काढत नाई, हसते.

उत्तर (वकील)
पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. पुस्तिकेत जिथे ‘मुलगी’ आहे तिथे ‘लेकरू’ करा, आणि मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ पहिल्याच पानावर छापा.