मदत हवी आहे: साध्या लॅपटॉपवर कुठले इंडी गेम घ्यावेत? दोन तासांत पारख कशी करावी?

रानपाखरू:
लॅपटॉप आय३, अकरावी पिढी. रॅम ८ जीबी, एकच स्टिक. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) दोन-तीन इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र निर्मात्यांचे गेम घ्यायचे आहेत. खेळणार मी आणि आठवीतली भाची. यादीत आहेत स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट, बलाट्रो, राजी, क्यूब वर्ल्ड आणि नो मॅन्स स्काय. यातला कुठला गेम नावापेक्षा चांगला निघतो आणि कुठला नुसताच ट्रेलरमध्ये चांगला? गेम परत करून पैसे मिळवायच्या (रिफंडच्या) मुदतीत नेमकं काय तपासायचं?

खटपट्या:
आधी काट मारून घेऊ. नो मॅन्स स्काय सोडा. गेम आता उत्तम आहे, पण वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय तुमच्या मशीनवर तो अडखळण्याची शक्यता जास्त. ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा दोन खेळाडू एकाच ग्रहावर एकाच जागी उभे राहूनही एकमेकांना दिसत नव्हते. तो बनवणाऱ्या हेलो गेम्सने पुढची अनेक वर्षं फुकट अपडेट दिले आणि २०१८ च्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये खरं मल्टिप्लेअर आलं. म्हणून जुने रिव्ह्यू वाचून कुठल्याही गेमबद्दल मत बनवू नका.

क्यूब वर्ल्डची गोष्ट नेमकी उलटी. २०१३ चा अल्फा (अर्धवट, सुरुवातीची आवृत्ती) लोकांना मनापासून आवडला होता. सहा वर्षांनी, २०१९ मध्ये पूर्ण गेम आला तेव्हा लेव्हल आणि स्किल ट्री (कौशल्यं टप्प्याटप्प्यानं वाढवायची सोय) दोन्ही गायब. एका प्रदेशात मिळवलेली हत्यारं-चिलखतं सीमा ओलांडली की जवळजवळ निरुपयोगी होतात, कारण ताकद त्या प्रदेशाला बांधलेली आहे. म्हणजे दर वेळी पुन्हा नागव्यानं सुरुवात. दिसायला देखणा, पण घेऊ नका.

ढगफुटी:
रिफंडचा नियम नीट समजून घ्या: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी. गेम मेन्यूवर नुसता उघडा राहिला तरी तो वेळ मोजला जातो, म्हणून जेवायला उठताना बंद करा. अर्ली अ‍ॅक्सेसमधल्या, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवलेल्या गेमलाही हेच घड्याळ लागू आहे. अर्ज स्टीमच्या हेल्प विभागात, त्या खरेदीवर क्लिक करून होतो. पैसे स्टीमच्या वॉलेटमध्ये किंवा मूळ पद्धतीनं परत मिळतात.

स्टीमवर गेमच्या पानावरचे रिव्ह्यू वाचताना तिथल्या आलेखावर अलीकडच्या महिन्याच्या पट्टीवर क्लिक करा आणि खेळलेल्या तासांचा फिल्टर लावा. दहा मिनिटांत लिहिलेला 'मस्त' किंवा 'भिकार' कामाचा नसतो.

चिंचबोर:
भाचीसोबत खेळायचंय तर स्टारड्यू व्हॅली पहिल्या क्रमांकावर. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चारेक वर्षं खपून केलेला गेम, २०१६ चा. २ जीबी रॅमवरही चालतो. गेममधला पूर्ण दिवस साधारण १४ मिनिटांचा, म्हणजे दोन तासांत आठेक दिवस बघून होतात. खाण पाचव्या दिवशी उघडते, तोवर निकाल देऊ नका. सुरुवातीला मासे निसटतात आणि बरेच जण तिथेच वैतागतात. गेममधल्या विली या कोळ्याच्या दुकानातला २५ सोन्याचा (गेममधलं चलन) शिकाऊ गळ घ्या. आणि एक गोष्ट भाचीला आधीच सांगून ठेवा: झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. दुपारी गेम बंद केला की तो दिवस गेला.

खटपट्या:
बलाट्रोलाही माझं मत. फेब्रुवारी २०२४ चा. पत्त्यांचा गेम; पोकरचे हात (पत्त्यांच्या जुळण्या) वापरतो, पण पैज लावायची नसते. युरोपात त्याला आधी १८ वर्षांचं रेटिंग दिलं होतं, ते २०२५ मध्ये १२ वर आणलं, तेव्हा आठवीला हरकत नसावी. नवखे दोन चुका करतात. पहिली, सगळे पैसे दुकानात उडवतात. गेममधल्या दर ५ डॉलर शिलकीवर १ डॉलर व्याज मिळतं, जास्तीत जास्त ५, म्हणून २५ शिल्लक ठेवायला लवकर शिका. दुसरी चूक जोकरांच्या, म्हणजे गुण वाढवणाऱ्या खास पत्त्यांच्या क्रमाची. हिशेब डावीकडून उजवीकडे होतो. मल्ट (गुणांना गुणणारा आकडा) वाढवणारा (अधिक) जोकर डावीकडे आणि मल्टला गुणणारा उजवीकडे. उदाहरणार्थ मल्ट १०, एक जोकर +१० आणि एक ×३. बरोबर क्रमात ६०, उलट क्रमात ४०. हे कळलं की गेम उलगडतो.

ढगफुटी:
राजी आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, २०२० चा. मनापासून सांगते, चित्रकला आणि वास्तू बघण्यासाठी घ्यावा असा आहे. राजस्थानी किल्ले, पहाडी लघुचित्रांचा रंग, निवेदन दुर्गा आणि विष्णूचं. पण मारामारी जड वाटते आणि कॅमेरा हातात नसल्यानं उडीचा अंदाज चुकतो. पाच-सहा तासांत संपतो, तोही मध्येच तोडल्यासारखा. पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलमध्ये घ्या आणि २०२२ ची सुधारित आवृत्तीच घ्या. तीत लढाई सुधारली आहे आणि हिंदी आवाजही आहे. तुमच्या लॅपटॉपवर मात्र ७२०पी (कमी रिझोल्यूशन) आणि सगळी सेटिंग्ज कमी ठेवून, पहिल्या लढाईतच फ्रेम पडतात का, म्हणजे चित्र अडखळतं का ते बघा. पडत असतील तर लगेच रिफंड.

रानपाखरू:
धन्यवाद सगळ्यांना. हॉलो नाइटबद्दल कोणी बोललं नाही?

चिंचबोर:
टीम चेरीचा गेम, २०१७ चा, आणि इतक्या थोड्या लोकांनी केलाय हे पटत नाही इतका मोठा. दोन तासांत त्याची पारख होत नाही, कारण सुरुवात संथ आहे. पहिल्यांदा नकाशा नसताना भरकटायला होतं. कॉर्निफर हा नकाशे विकणारा भेटला की त्याच्याकडून नकाशा घ्या, मग वर गावात इसेल्डाच्या दुकानातून लेखणी (१२० जिओ, हे गेममधलं चलन) आणि होकायंत्राचा चार्म, म्हणजे अंगावर लावायचा ताईत (२२० जिओ). लेखणी नसेल तर नवा भाग नकाशावर उमटतच नाही, आणि असली तरी गेममधल्या विश्रांतीच्या बाकावर बसल्यावरच उमटतो. लॅपटॉप अडखळला तर व्हिडिओ सेटिंगमध्ये ब्लर आणि पार्टिकल कमी करा. कीबोर्डवर बोटं दुखतात, साधा कंट्रोलर घ्या. भाचीला कठीण जाईल, हा तुमच्यासाठी.

खटपट्या:
मशीनबद्दल एक राहिलं. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर तशीच ८ जीबीची स्टिक टाका. अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि एका स्टिकवर ती अर्ध्याच वेगानं मिळते. या यादीत सगळ्यात जास्त फायदा राजीला होईल.