इलेक्ट्रॉनिक्स शोरूममध्ये सेल्सची नोकरी: दुकानाचा पेरोल की ब्रँडचा प्रमोटर?

गोदाकाठ
बी.कॉम. झालंय. नाशिकमध्ये एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स शोरूममध्ये एसी, फ्रीज, वॉशिंग मशीनच्या विभागासाठी मुलाखत आहे. त्याच दुकानात एका टीव्ही कंपनीचा प्रमोटर म्हणूनही विचारणा झाली आहे आणि तिथे पगार थोडा जास्त सांगतात. दोन्हींत नेमका फरक काय? मुलाखतीत काय विचारतात?

पगारपत्रक
पगार कोणाच्या खात्यातून येणार, हे आधी विचारा. प्रमोटर म्हणजे दुकानात उभा राहून एकाच ब्रँडचा माल विकणारा. तो बऱ्याचदा ब्रँडच्याही पेरोलवर नसतो, मधल्या मनुष्यबळ एजन्सीच्या असतो. टार्गेट त्या एकाच ब्रँडचं. दुकानात त्या ब्रँडचा माल नसला तरी टार्गेट सहसा कमी होत नाही. दुकानाचा माणूस सगळे ब्रँड विकू शकतो, पण त्याच्या डोक्यावर एक्स्टेंडेड वॉरंटी, स्टॅबिलायझर, स्टँड असल्या 'अटॅचमेंट'चं टार्गेट असतं.

कुठेही गेलात तरी विकलेल्या प्रत्येक नगाचा बिल नंबर आणि सिरियल नंबर त्याच दिवशी वहीत उतरवा. इन्सेंटिव्हचे वाद होतात ते 'हा नग तुझ्या नावावर चढलेलाच नाही' यावरूनच, आणि महिनाअखेरीस आठवणीवर काही सिद्ध करता येत नाही.

सीटीसीच्या (तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च) आकड्यावर जाऊ नका, हातात किती येणार ते काढा. समजा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १८,००० आणि त्यातला बेसिक (मूळ पगार) १२,००० आहे. पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,४४०, ईएसआयसी (कर्मचारी विमा) ग्रॉसच्या ०.७५ टक्के म्हणजे १३५, पुरुषांना व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १६,२२५. प्रमोटरचा 'जास्त' पगार इन्सेंटिव्ह धरून सांगितलेला असेल तर तुलनाच चुकते, तेव्हा फिक्स किती ते लेखी घ्या.

आणि गणवेश, ट्रेनिंग किंवा नोंदणीच्या नावाखाली कोणी आधी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. तो सरळ फसवणुकीचा धंदा आहे.

टनभर_गारवा
मुलाखतीबद्दल. 'हा एसी मला विका' असं म्हणतील. लगेच फीचर्स सांगायला लागलात की गेलात. आधी चार प्रश्न विचारा: खोली किती बाय किती, वर स्लॅब आहे की दुसरा मजला, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं, दिवसाला किती तास चालणार. १० बाय १२ च्या खोलीला साधारण १ टन पुरतो, पण वरच्या मजल्यावर तापणाऱ्या स्लॅबखाली तीच खोली दीड टन मागते. टन कमी पडला तर कॉम्प्रेसर अखंड चालतो, खोली गार होत नाही, आणि शिव्या विकणाऱ्याला पडतात.

बीईईचं, म्हणजे वीजबचतीचं सरकारी स्टार लेबल नीट वाचायला शिका. त्यावरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. लेबलवर ७५० युनिट असतील आणि घरी रोज ८ तास, १२० दिवस एसी चालणार असेल, तर ९६० तास होतात, म्हणजे सुमारे ४५० युनिट. हे गणित ग्राहकासमोर कागदावर मांडलं की ३ स्टार घ्यावा की ५ स्टार ते त्याचं तोच ठरवतो. लेबलचा कालावधीही पाहा, कारण निकष कडक होत जातात आणि जुन्या लेबलचे ५ स्टार नव्या निकषांत खाली येऊ शकतात.

गोदाकाठ
धन्यवाद. 'ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त आहे' म्हणाले तर?

टनभर_गारवा
वाद घालू नका, त्यांच्या मोबाइलवर पूर्ण मॉडेल नंबर पाहा. शेवटच्या एक-दोन अक्षरांत फरक निघाला तर मालच वेगळा असू शकतो. नंबर तोच असेल तर ती किंमत कुठल्या बँकेच्या कार्डावर किंवा एक्स्चेंज धरून आहे ते तपासा. तरीही फरक उरला तर मॅनेजरला विचारा, स्वतःहून सूट कबूल करू नका.

'नो कॉस्ट ईएमआय' (बिनव्याजी म्हणून दिलेले हप्ते) विकतानाही प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी आधी सांगा. क्रेडिट कार्डावर व्याजाचाही जीएसटी लागतो. ग्राहकाला हे स्टेटमेंटवरच कळलं, तर तो पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

बोल्ट_काढा
विक्रीनंतरच्या तक्रारींवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागे ट्रान्झिट बोल्ट असतात, बहुधा चार. ड्रम वाहतुकीत हलू नये म्हणून ते लावतात. कोणी ते न काढताच मशीन चालू केलं तर स्पिनला ते जागेवरून सरकतं, सस्पेन्शन खराब होऊ शकतं. बिल देतानाच सांगा: टेक्निशियन येईपर्यंत प्लग लावू नका, आणि काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.

मोठ्या टीव्हीचा खोका ग्राहकाने स्वतः उघडायचा नाही. पॅनल तडकलेलं निघालं तर ते वाहतुकीत तडकलं की घरात, हे ठरवता येत नाही आणि क्लेम अडकतो. एसीच्या बाबतीत खोक्यासोबत किती मीटर तांब्याचा पाइप येतो ते मॉडेलप्रमाणे पाहा. त्यापुढचा पाइप, स्टँड, भिंतीला भोक यांचे पैसे वेगळे लागत असतील तर दर त्याच वेळी बिलामागे लिहून द्या.

शनिवार-रविवार सुट्टी धरू नका. पाडवा, दसरा, धनत्रयोदशीलाही नाही. वीक ऑफ कुठल्या वारी आणि सणाला काम केल्यास बदली सुट्टी मिळते का, हे मुलाखतीतच विचारून घ्या.