घोड्यावर बसताना माउंटिंग ब्लॉक वापरावा का?

नवशिका स्वार:
आमचे प्रशिक्षक दर वेळी माउंटिंग ब्लॉकवरूनच, म्हणजे चढण्यासाठी ठेवलेल्या पायरीसारख्या ठोकळ्यावरूनच, घोड्यावर बसायला लावतात. सोबतचे काही जुने स्वार मात्र जमिनीवरून चढता येत नसेल तर तो स्वार कसला, असे म्हणतात. ब्लॉक ही केवळ माणसाची सोय आहे, की त्यामागे दुसरे कारण आहे? शिवाय मी रिकिबीत पाय ठेवताच घोडा चालू लागतो. त्यावर काय करावे?

खोगीर:
सोय आपली होतेच, पण मोठा लाभ घोड्याच्या पाठीला होतो. जमिनीवरून चढताना आपले जवळजवळ सगळे वजन काही क्षण एकट्या डाव्या रिकिबीवर येते, खोगीर त्या बाजूला ओढले जाते आणि ते फिरू नये म्हणून घोड्याच्या खांद्यांमधल्या उंचवट्याची उजवी बाजू तो ताण पेलते. हे रोजचेच झाले तर पाठ दुखावू शकते, खोगिराचा सांगाडा पिळू शकतो आणि डाव्या रिकिबीचा पट्टा ताणून लांब होतो. दोन्ही बाजूंचे पट्टे अधूनमधून अदलून बदलून लावतात ते त्यामुळेच. ब्लॉकमुळे ही ओढ कमी होते, नाहीशी होत नाही. तंग, म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळणारा पट्टा, सैल असेल तर ब्लॉकवरूनही खोगीर फिरते, म्हणून घोड्याला थोडे चालवून तंग पुन्हा तपासावा. चढताना डाव्या हातात लगामासोबत आयाळ धरावी, खोगिराची मागची कड धरून स्वतःला वर ओढू नये, आणि पाठीवर आदळू नये.

आयाळ:
घोडा चालू लागतो याला नेहमी खोडी समजू नका. खोगीर टोचत असेल किंवा पाठ दुखत असेल तरी तो असेच करतो, तेव्हा आधी ते पाहून घ्या. तसे काही नसेल तर नुसते ब्लॉकवर चढून उतरावे, खोगिरावर हात टेकवावा, रिकिबीवर किंचित भार देऊन पाय काढून घ्यावा, आणि तो स्थिर उभा राहिला की लगेच शाबासकी द्यावी. तो हलला तर ब्लॉक उचलून त्याच्यामागे फिरू नका. घोड्यालाच पुन्हा ब्लॉकपाशी आणा. बसल्याबरोबर निघण्याची सवयही मोडायला हवी. बसल्यावर थोडा वेळ तिथेच थांबत जा.

रपेट:
वरील सगळे मान्य, तरी जमिनीवरून चढणे शिकावेच. दूरच्या रपेटीत मध्येच उतरावे लागले तर ब्लॉक कुठून आणणार? उतार असेल तर घोडा खालच्या बाजूला उभा करावा आणि आपण वरच्या बाजूने चढावे. सोबत कोणी असेल तर त्याला उजवी रिकीब खाली दाबून धरायला सांगावे, म्हणजे खोगीर सरकत नाही.

नवशिका स्वार:
आभारी आहे. घरी सरावासाठी प्लास्टिकचे स्टूल चालेल का? आणि उतरतानाही ब्लॉकवरच उतरावे का?

खोगीर:
स्टूल नको. ते कलंडले आणि आपला एक पाय रिकिबीत अडकलेला असला, तर बिचकलेला घोडा फरफटत नेईल. पाया रुंद असलेला, न डगमगणारा ब्लॉक घ्या आणि तो रिकिबीच्या जवळ, घोड्याला समांतर ठेवा. उतरताना मात्र दोन्ही पाय रिकिबीतून काढून सरळ जमिनीवर उतरावे, कारण घोडा जरा जरी सरकला तरी ब्लॉकवर पाऊल नीट पडेल याचा भरवसा नसतो.